बाळाच्या कपड्यांची हाक येईपर्यंत

दवाखान्याच्या फाईलवर बाळंतपणाची १७ जुलै ही तारीख लिहून आली की घरातल्या कॅलेंडरवर त्या चौकोनाभोवती गोल पडतो. तो गोल पुरेसा नाही. पेन घेऊन २६ जून ते ३१ जुलै असा लांबट वेढा काढा. ३७ ते ४२ आठवडे या सगळ्या काळात बाळंतपण होऊ शकतं आणि बरोबर दिलेल्या तारखेला जन्मणारं बाळ विसांत एखादंच असतं. एकदा मिरजेत आणि एकदा साताऱ्यात बाळाची वाट बघत थांबल्यावर एवढं पक्कं कळलं की शेवटच्या महिन्यात कळा आणणं किंवा थांबवणं बापाच्या हातात नसतं. त्याच्या वाट्याला येतं ते घड्याळ, कागद आणि रस्ता.

तारखेचा हिशेब आधी समजून घ्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागं यायचं. पाळी १० ऑक्टोबरला आली असेल तर १७ जुलै, म्हणजे एकूण २८० दिवस. पण हा हिशेब २८ दिवसांनी येणाऱ्या पाळीचा आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिची तारीख आठवडाभर पुढं जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत महत्त्वाची. त्या वेळी बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख पाळीच्या हिशेबापेक्षा आठवड्याहून जास्त वेगळी आली, तर डॉक्टर तारीख बदलतात. एकदा अशी ठरली की शेवटपर्यंत तीच धरायची. गोंधळ पुढच्या रिपोर्टांमुळं होतो. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतही मशीन बाळाच्या डोक्याच्या आणि मांडीच्या हाडाच्या मापावरून एक तारीख छापतं आणि ती दोन-तीन आठवडेसुद्धा इकडची तिकडं असू शकते. मग सासरी एक तारीख, माहेरी दुसरी, आत्याकडं तिसरी. ‘तारीख उलटून गेली, अजून कसं काय नाही?’ अशा फोनांपैकी निम्मे या छापील तारखांपायी येतात. पहिला रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यांत वर लावा. रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ आली तर ते आधी तोच मागतात.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सातव्या-आठव्या महिन्यानंतर बरेच बाप वाट बघतात ती फोनवर. नोकरी पुण्यात आणि बायको तासगाव किंवा वाळवा तालुक्यात, हे अगदी नेहमीचं चित्र. पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर, सांगलीपर्यंत त्याच्या दुप्पट. शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या की वेळेचा हिशेब राहत नाही. पहिलटकरणीचं बाळंतपण सहसा इतकं लांबतं की फोन आल्यावर निघूनही पोहोचता येतं. दुसऱ्या खेपेला ते गृहीत धरू नका. रजेचं म्हणाल तर तारखेच्या आदल्या दिवसापासून आठ दिवसांची रजा टाकणं हा सगळ्यांत वाईट सौदा आहे. रजा संपते, बाळ यायचं असतं आणि मग टाके, दूध, कावीळ या दिवसांत बाप ऑफिसात बसलेला असतो. साहेबांना आधी सांगून ठेवायचं की फोन आला की तासाभरात निघेन, आणि रजा बाळ आल्यापासून धरायची. केंद्र सरकारी नोकरांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खाजगी नोकरीत असा कायदा नाही, तिथं कंपनीच्या नियमावर भिस्त.

३६ वा आठवडा लागला की एक दिवस मुद्दाम रस्ता बघायला काढा. घर मळ्यात असेल तर हे काम सगळ्यांत आधी. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात गाडीचं चाक धरते आणि रुग्णवाहिका वस्तीपर्यंत येत नाही. जूननंतरची तारीख असेल तर डांबरी सडकेवरच्या नातेवाइकाकडं शेवटचे दोन-तीन आठवडे मुक्काम हलवा. १०८ ला फोन केल्यावर पत्ता विचारतात तेव्हा ‘पाटलांचा मळा’ एवढ्यानं भागत नाही. गाव, तालुका, जवळची शाळा किंवा देऊळ आणि कुठल्या फाट्यावरून वळायचं, हे चार ओळींत लिहून भिंतीला चिकटवा, म्हणजे घाबरलेला मेव्हणाही ते वाचून दाखवू शकतो. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी फुकट असते. गावच्या आशाताईंना ती कुठल्या आरोग्य केंद्रावर उभी असते ते माहीत असतं, चालकाचा नंबरही त्यांच्याकडूनच घ्या.

गळीत हंगामात अडचण वेगळी. नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या वेळी वाळवा, पलूस, कराड भागातल्या रस्त्यांवर उसाच्या जोड-ट्रॉल्यांची रांग लागते, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. कारखान्याच्या वजनकाट्यासमोरून जाणारा जवळचा रस्ता सोडून लांबचा धरला तर बहुतेक वेळा आधी पोहोचता. जुलै-ऑगस्टची तारीख आणि घर सांगलीवाडीत किंवा नदीपलीकडच्या गावात असेल, तर आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी रोज बघा. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पाणी चाळिशीकडं निघालं की कळांची वाट न बघता दवाखान्याच्या बाजूला जायचं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी ज्यांनी पूर बघितला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दवाखाना ठरलेला असतो, पण रात्रीचा दवाखाना बघितलेला नसतो. रात्री कुठलं दार उघडं असतं, बेल कुणाला ऐकू जाते, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर राहतात की दुसऱ्या गावाहून येतात, बालरोगतज्ज्ञ जन्माच्या वेळी हजर असतात का, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथंच आहे की हलवावं लागेल, रक्त कुठून येतं, हे प्रश्न नवव्या महिन्याच्या सुरुवातीला विचारायचे. डॉक्टर रागावत नाहीत. मिरजेत हे सोपं जातं. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिशनचा दवाखाना सुरू केल्यापासून ते दवाखान्यांचंच गाव झालं आहे, जत आणि सीमेपलीकडच्या अथणीकडूनही माणसं तिथं येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान दवाखान्यात मात्र भूलतज्ज्ञाचा प्रश्न नक्की विचारा, सीझरचा निर्णय झाल्यावर सगळा उशीर तिथंच होतो. खाजगीत नॉर्मल आणि सीझर, दोन्हींचा अंदाजे खर्च कागदावर मागा. बाळाच्या काचेचा रोजचा दर वेगळा विचारा, कारण तो अंदाजात धरलेला नसतो. यूपीआयला रोजची मर्यादा असते, म्हणून कार्ड आणि थोडी रोकड जवळ हवी.

सरकारीत, म्हणजे साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. जेवण नॉर्मलला तीन दिवस, सीझरला सात दिवस. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर हे शांतपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

कागदांत अडतं ते नावापाशी. आधारवर सासरचं नाव, बँक खात्यावर माहेरचं, माता बाल संरक्षण कार्डावर तिसरंच, असं असेल तर जननी सुरक्षा आणि मातृवंदना या दोन्ही योजनांचे पैसे लटकतात. खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं. हे काम वाट बघण्याच्या दिवसांतच उरका, बाळंतपणानंतर बँकेत जायला तिला दोन महिने तरी सवड नसते. फाईलमध्ये रक्तगटाचा रिपोर्ट वेगळा दिसेल असा ठेवा. तिचा गट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाचा गट जन्मल्याबरोबर तपासायचा असतो, आणि तो पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. हे लक्षात ठेवणं बापाचं काम समजा. त्या गडबडीत बाकी सगळ्यांचं लक्ष बाळाकडं असतं.

बॅग दोन करा. तिच्या बॅगेत पुढून उघडणारे गाऊन, मोठ्या आकाराच्या पॅडची दोन पाकिटं, थर्मास, पेला, चमचा, चार्जर, खजूर आणि बिस्किटं. बाळाची पिशवी लहान आणि वेगळी: दोन टोपडी, दोन झबली, आठ लंगोट, पायमोजे आणि धुऊन कडक उन्हात वाळवलेली जुन्या मऊ सुती साडीची चार दुपटी. नवं कापड न धुता वापरू नका, खळीनं बाळाच्या अंगावर पुरळ येतं. अंगठ्या ३६ व्या आठवड्यातच काढून ठेवायच्या. बोटं सुजली की साबणानंही निघत नाहीत आणि शेवटी कापाव्या लागतात. ओटभरणीचा हिरवा चुडा हा नाजूक विषय आहे. सलाईनची सुई मनगटाजवळ लावतात तेव्हा काचेच्या बांगड्या आड येतात. सासूबाईंशी आधीच बोलून निम्म्या उतरवून ठेवल्या तर दवाखान्याच्या दारात त्यांच्या मनाला लागत नाही.

मग खरं थांबणं सुरू होतं. या दिवसांतलं सगळ्यांत मोलाचं काम म्हणजे बाळाची हालचाल मोजणं. जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर झोपू द्या आणि मोजा: दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक वेळा दहा खूप आधी होतात. ‘आता जागा कमी म्हणून बाळ शांत झालं’ ही समजूत घातक आहे. शेवटी लाथेऐवजी ढुशी आणि वळणं जाणवतात, पण संख्या घटत नाही. घटली तर गोड सरबत पाजून सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी निघायचं. तसंच निघायचं ते पाळीसारखं लाल रक्त गेलं तर, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमक आली तर, बरगडीखाली दुखलं तर, चेहरा एकाएकी सुजला तर, ताप आला तर. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर तो फोनवर डॉक्टरांना कळवायचाच. घरी मशीन नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टर मोजून देतात.

खोट्या कळांनी दोन-तीन रात्री तरी जागरण घडतं. त्या अनियमित असतात, ओटीपोटातच राहतात, लघवीला जाऊन आल्यावर, पाणी पिऊन कुशीवर पडल्यावर किंवा चार पावलं चालल्यावर विरतात. खऱ्या कळा पाठीतून निघून पुढं येतात आणि काही केलं तरी वाढतच जातात. मोजताना चूक एकच होते: लोक एक कळ संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ धरतात. मोजायचं सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत, आणि ती किती सेकंद टिकली ते शेजारी लिहायचं. जोर ओळखायला तिला विचारून पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवा. नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर सौम्य, हनुवटीइतकं घट्ट तर मध्यम, कपाळाइतकं कडक तर जोराची. पहिल्या खेपेला पाच मिनिटांनी एक, प्रत्येकी मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. दवाखाना पन्नास-साठ किलोमीटरवर असेल तर कळा दहा मिनिटांवर आल्या की लगेच गाडी काढा. दुसरेपणाला कळा नियमित झाल्या एवढं पुरे.

रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव दिसला की घरात धावपळ उडते. ते गर्भपिशवीचं तोंड मऊ होऊ लागल्याचं लक्षण आहे, पण त्यानंतर कळा लागायला काही तास लागतात किंवा चार-पाच दिवसही. पाणी गेलं तर मात्र कळा नसल्या तरी जायचंच. किती वाजता गेलं ते लिहा, रंग बघा. पाण्यासारखं स्वच्छ असेल तर पॅड लावून शांतपणे निघा. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळानं आत शी केलेली असते, मग अजिबात वेळ घालवायचा नाही. नाळ खाली आल्यासारखी वाटली तर तिला गुडघे टेकून, डोकं खाली आणि कंबर वर अशा स्थितीत ठेवून १०८ बोलवायचं. हे क्वचित घडतं, पण माहीत हवं.

फार लवकर नेण्याचाही तोटा आहे. तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं असताना दवाखान्यात पोहोचलं की एक तर परत पाठवतात, नाही तर खाटेवर झोपवून कळा वाढवायची औषधं सुरू होतात आणि ती थकून जाते. सुरुवातीचा संथ टप्पा पहिलटकरणीला पूर्ण दिवसभर चालू शकतो. तोपर्यंत घरी मऊ भात, वरण, ताक, अंगणात फेऱ्या आणि कमरेवर कोमट पाण्याची पिशवी. पाच सेंटिमीटरनंतर वेग येतो आणि तिथून पुढं पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागणं साधारण धरतात. ‘सकाळी नेली अन् रात्र झाली’ यात बिघडलं काहीच नसतं.

घरगुती उपायांबद्दल. नवव्या महिन्यात दुधातून तूप देतात, त्यानं बाळ घसरत येतं असा समज आहे. तसं होत नाही, पण जळजळ होत नसेल तर वाद घालू नका. एरंडेल मात्र ठामपणे थांबवा. त्यानं जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि कळा आल्या तर त्या कशाही येतात. अमावास्या टळू दे म्हणून थांबणं किंवा मुहूर्त गाठायला सीझर ओढून घेणं, या दोन्हींना नाही म्हणायला घरात कुणीतरी लागतं. ते नाही बापानं म्हणावं, तिच्यावर ढकलू नये.

तारीख उलटली आणि बाकी सगळं ठीक असेल तर डॉक्टर बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढतात आणि सोनोग्राफीत पाणी बघतात. पाण्याचा आकडा पाच सेंटिमीटरच्या खाली गेला तर थांबत नाहीत. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो आणि तो ऐकण्यासारखा आहे, कारण त्यापुढं बाळाला पोसणारी वार थकत जाते. साखर किंवा रक्तदाब असेल तर याच्या आधीच बोलावतात. तोंड तयार नसेल तर ते मऊ करणारं जेल ठेवतात, सहा तासांनी परत, दिवसात जास्तीत जास्त तीनदा, किंवा फुग्याची नळी बसवतात. याला चोवीस तास किंवा जास्तही लागतात. पहिलं जेल ठेवल्याबरोबर पाहुण्यांना बोलावू नका. तुम्ही जेवा, दोन तास झोपा, खरी रात्र पुढं असते.

गाडीतच बाळ येऊ लागलं तर गाडी कडेला थांबवा आणि १०८ लावा. बाळ पुसून कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना एकत्र झाकायचं. नाळ ओढायची नाही, कापायची नाही.

लेबर रूमच्या दारापाशी बापाचं काम थांबत नाही. सरकारी दवाखान्यात आत इतर बायका असतात म्हणून सोबतीला बाईमाणूसच सोडतात. खाजगीत काही ठिकाणी नवऱ्याला परवानगी मिळते, पण ती आधी मागितलेली असावी लागते. बाहेर एकानं थांबायचं, दहा जणांनी नाही. फोनवर नातेवाइकांना उत्तरं देणारा माणूस वेगळा नेमा, तुमचा फोन मोकळा हवा. तिला आणि सासूबाईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: अंगठीनं मध चाटवायचा नाही, गुळाचं पाणी नाही, पहिल्या तासात आईचं दूध. पेढ्यांचंही ठरवून टाका. मुलगी झाली तर जिलेबी, मुलगा झाला तर पेढे, हा भेद घरात शिरू न देणं इतकं अवघड नाही. साताऱ्याचे कंदी पेढे दोघांनाही चालतात.

बाळाची ती लहान पिशवी बाकाखाली नाही, मांडीवर ठेवा. रडण्याचा आवाज दारातून येतोच असं नाही. बहुतेक वेळा सिस्टर दार अर्धवट उघडून तिचं नाव घेतात आणि म्हणतात, ‘बाळाचे कपडे द्या.’ पिशवी देतानाच विचारा: आई कशी आहे, रक्तस्राव किती, बाळ लगेच रडलं का, वजन किती. जन्मवेळ मिनिटासकट त्यांच्याच नोंदीतली उतरून घ्या, बाहेरच्या घड्याळातली नको.